दुपारी गढुळणारं पाणी

१

वुर्यानीने माशांची टाकी भिंतीतच बसवून घेतली, ती नवऱ्यावर नजर ठेवता यावी म्हणून. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मधल्या खोलीत सुतार्मोचा पलंग, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत पूर्वी एक आरपार कपाट होतं. मुलगी रेत्नो ईदेला सुराबायाहून आली तेव्हा तिने ते कपाट काढून टाकलं, त्या जागी लांबट काचेची टाकी ठेवली आणि गुबगुबीत, पंख्यासारख्या शेपटीचे सोनेरी मासे आणून सोडले.

"बू, आता शिवता शिवता पा दिसतील तुला," ती आईला म्हणाली. "आणि पडल्या पडल्या त्यांनाही काहीतरी हलतं बघायला मिळेल."

सुतार्मो संगमरवराच्या कारखान्यात दगड कापायचा. तिथेच, चालू करवतीशेजारी, तो कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, एवढ्यावर नवरा-बायकोचा संसार चालला होता. आरोग्य केंद्रातली परिचारिका अधूनमधून येऊन त्याचे हातपाय हलवून जायची आणि दरवेळी दारात चपला घालताना तीही तिला आदराने बू म्हणत तेच सांगायची, "बघू या हं, बू. देवाच्या मनात असेल तसं."

दुपारी वुर्यानी त्याला भात आणि नारळाच्या रसातली भाजी भरवायची. उरलेला भात पलंगाशेजारच्या तिवईवर झाकून ठेवायची, कारण चारच्या सुमाराला त्याला पुन्हा दोन घास लागत. मग नमाज, आणि मग मशीन. बायकांच्या नमाजाच्या पांढऱ्या झग्यांना जाळीदार किनार लावायचं काम तिच्याकडे होतं. एक शिवण संपली की ती मान वर करायची. आधी मासे दिसायचे, त्यांच्या पलीकडे पलंग, उशी, उशीवरचं तोंड. झोपले, बरं. पुन्हा मान खाली.

एका दुपारी तिने मान वर केली आणि उशी दिसलीच नाही. टाकीतलं पाणी पांढुरकं झालं होतं. घरी आल्यावर सुतार्मो कोपरापर्यंत हात धुवायचा, तेव्हा मोरीतून दगडाच्या भुकटीचं असंच पाणी वाहायचं. त्या दुधाळपणात मासे म्हणजे नुसते नारिंगी डाग दिसत होते.

ती उठून आत गेली. सुतार्मो पडलेला होता, जागा होता, आणि टाकीकडे बघत होता.

"पाणी बिघडलं वाटतं," ती म्हणाली.

त्याने डोळे एकदा मिटले.

२

मागच्या गल्लीतले जुमादी अंगणातल्या सिमेंटच्या हौदांत हेच मासे वाढवून विकायचे. त्या वस्तीत हा धंदा घरोघरी होता, पण जुमादींची जीभ सगळ्यांत लांब. ते आले, टाकीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी चुकचुक केली.

"काय गं, मासे पाळलेस की बदकं? किती खायला घालतेस?"

"सकाळी चिमूटभर दाणे. तेवढेच."

"चिमूटभर म्हणे!" ते मधल्या खोलीत गेले. टाकीचं काचेचं झाकण तिकडूनच सरकायचं, बाहेरच्या बाजूने वर फळी ठोकलेली होती. त्यांनी बाही वर करून तळाशी हात घातला आणि ओला तळवा तिच्यासमोर धरला. तळव्यावर शितं होती. फुगलेली, बुळबुळीत झालेली भाताची शितं.

"हे तुझे दाणे?"

वुर्यानीने एक शीत बोटाने दाबून पाहिलं. "मी भात नाही टाकला."

"मग माशांनी रांधला असेल," जुमादी म्हणाले आणि पलंगाकडे वळून हसले. "काय सुतार्मो, बायको भात टाकते आणि नाही म्हणते. नीट लक्ष ठेव हिच्यावर."

सुतार्मोचं अर्धं तोंड हसलं.

जुमादींनी सांगितलं ते तिने तसंच केलं. उन्हात ठेवलेलं पाणी घेऊन टाकीतलं थोडंच बदललं. गाळणीचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतल्याच उपसलेल्या पाण्यात खळबळला. माशांना उपाशी ठेवलं. पाणी निवळलं आणि पलंग पुन्हा दिसू लागला. पण रेत्नोशी फोनवर बोलताना तिला राहवलं नाही.

"तुझी आत्या मागच्या दाराने येते आणि माशांना भात टाकते. माझ्या घरात मलाच न विचारता."

"आत्याला कशाला माशांचं पडलंय, बू?"

"तिला सगळ्याचंच पडलेलं असतं."

३

सुतार्मोची थोरली बहीण मुर्सी, जिला वुर्यानी म्बाक म्हणजे ताई म्हणायची, पाठीमागच्याच घरात राहायची. विचारल्यावर तिने कमरेवर हात ठेवले.

"मी? भात? अगं, तांदूळ असे वाटेवर पडलेत का? आणि गेला आठवडाभर मी ब्लितारला सुनेच्या बाळंतपणाला होते, हे तुला ठाऊक नाही? येताना तुझ्यासाठी केळ्याच्या वड्या आणल्या, त्या खाल्ल्यास ना चवीने? तेव्हा नाही आठवलं मी कुठे होते ते?"

वुर्यानीला खरंच आठवलं. ती खजील झाली. "चुकलं, म्बाक."

"चुकलं म्हणते! माझ्या भावाचं खाणं तू माशांना घालतेस आणि नाव माझ्यावर." मुर्सी रागारागाने निघाली, पण जाताना आत डोकावून भावाच्या अंगावरची चादर नीट करून गेली.

त्या दिवशी वुर्यानीने स्वयंपाकघराचं मागचं दार आतून कडी लावून बंद केलं. मधल्या खोलीत जायला आता एकच वाट उरली, तिच्या मशीनच्या अंगावरून. ती शिवायला बसली. काचेपलीकडे सगळं लख्ख दिसत होतं. छपरातल्या काचेच्या कौलांतून ऊन उतरलं होतं आणि सुतार्मोचे डोळे मिटलेले होते.

बॉबिनमधला दोरा संपला. ती नवा दोरा भरू लागली. मशीन थांबल्यामुळे घर एकदम गप्प झालं, आणि त्या गप्पपणात तिला काचेवर काच सरकल्याचा आवाज आला. हलका, सावकाश, जणू सरकवणाऱ्याला कुणाची झोपमोड करायची नव्हती.

तिने मान वर केली. पाण्यात वरून पांढरे धागे उतरत होते. एक, मग त्याच्या बाजूला दुसरा, मग कुणी भाताची पेज ओतावी तसा एक लोट. मासे तोंडं वर करून तिकडे धावले. बघता बघता पलंग पुसला गेला.

ती उठली तशी खुर्ची पडली. आत सुतार्मो होता तसाच पडला होता. चादरीला सुरकुती नव्हती. त्याचा उजवा हात तिने उशीवर ठेवला होता तिथेच होता, कोरडा. टाकीचं झाकण मात्र अर्धं उघडं होतं आणि भाताचं ताट तिवईवर नव्हतं. ते टाकीच्या कडेवर होतं, रिकामं. मागच्या दाराची कडी लागलेली होती. तिने ती दोनदा हलवून पाहिली.

मांजर, ती मनाशी म्हणाली. मग तिला वाटलं, कुठलं मांजर ताट उचलतं?

४

दुसऱ्या दिवशी तिने पाणी बदललं नाही. जुमादींनीच बजावलं होतं, की सारखं उपसलं की नवं पाणी जास्तच गढुळतं. पण मशीनवर तिचं मन लागेना. गढूळ काचेकडे बघत ती शिवत राहिली, आणि किनार तिरकी गेली.

चारला ती भरवायला आत गेली. सुतार्मोला धाप लागली होती. कपाळावर घाम होता. तिने हात पुसायला त्याचा उजवा हात उचलला, तर तो मनगटापर्यंत ओला. बोटांच्या बेचक्यांत शितं चिकटलेली. तिने चादर वर केली. सकाळी तिने स्वतः त्याचे पाय धुतले होते. आता दोन्ही तळव्यांना फरशीवरची धूळ लागलेली होती.

वुर्यानी पलंगाच्या कडेवर बसली. आपल्याला भीती वाटतेय की आशा, हे तिला कळत नव्हतं.

"पा, तुम्ही उठलात?"

डोळे एकदा मिटले.

तिने त्याचा उजवा हात वर धरला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. पाय उचलला, तोही तसाच. असा माणूस उठत नाही. तिने एवढे महिने त्याला कुशीवर वळवलं होतं, न्हाऊ घातलं होतं. त्या अंगाचं वजन तिच्या कमरेला ठाऊक होतं.

"एकटे उठलात?"

डोळे मिटले. पुन्हा मिटले.

तिने मागच्या दाराकडे पाहिलं. कडी होती. तिने विचारलं, "कोण होतं मग?"

सुतार्मोने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं अर्धं तोंड हसलं. बायकोने काही खुळ्यासारखं विचारावं तसं, लाडाने हसलं. वुर्यानी त्याचे पाय पुसत राहिली. धूळ गेली तरी पुसत राहिली.

५

"मासे वीक आणि ते भोक विटांनी बुजव," मुर्सी म्हणाली. तिला सांगावंच लागलं. रुसवा विसरून ती मशीनशेजारी बसली होती आणि आवाज नकळत खाली गेला होता. "नाहीतर त्याला माझ्या घरी ने. आजच."

"नेऊ. पण आधी मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"ते मला कळलं असतं तर बघायला कशाला बसले असते, म्बाक?"

वुर्यानीने बेत केला होता. मशीनचा आवाज चालू असला की तिकडे जे काही होतं ते होतं, असं तिला वाटत होतं. म्हणून मशीनवर मुर्सीने बसायचं, आणि तिने टाकीसमोर, खाली, फरशीवर. जेवण, नमाज, सगळं रोजच्यासारखं झालं. मुर्सीने टाकीकडे पाठ केली आणि पायाने मशीन चालवायला सुरुवात केली.

"दोरा नाही, कापड नाही. लोक म्हणतील मुर्सी हवा शिवते."

"गप्प बसा आणि चालवा."

पाणी दुधाळ होतं. पलीकडे काचेच्या कौलांतलं ऊन पडलं होतं, त्यामुळे त्या पांढुरकेपणाला आतून उजेड होता आणि त्यावर पलंगाची काळपट रेघ दिसत होती. मासे संथ फिरत होते. बराच वेळ काही झालं नाही. वुर्यानीचे गुडघे दुखू लागले. आपणच खुळ्या झालोय असं तिला वाटू लागलं. जागरणं, कामाचा ताण, माणसाला काहीही दिसतं.

मग त्या रेघेतून एक डोकं वर आलं.

ते सुतार्मोचं होतं, कानावरून तिने ओळखलं. पण माणूस उठून बसतो तेव्हा आधी हात टेकतो, जोर लावतो, मान पुढे काढतो. इथे तसं काही नव्हतं. खांदे आधी वर आले आणि मान मागून आली. झोपलेल्या मुलाला काखांत धरून उचलावं तसा तो उचलला जात होता. तो बसला. मग उभा राहिला. आणि उभा राहिला तेव्हा त्याच्या दोन्ही काखांखाली, त्याच्या अंगाच्या रेषेबाहेर, आणखी काहीतरी होतं, दोन्ही बाजूंना सारखं. वुर्यानीने डोळे बारीक केले. ते हात होते. त्यांच्या मागे उंचीने त्याच्याएवढीच एक सावळी जागा होती, जिथून ऊन येत नव्हतं.

ओरड तिच्या दातांपर्यंत आली. तिने डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

एक पाऊल पडलं. उजवा पाय घासत आला, फरशीवर त्याचा खरखर आवाज झाला. मग डावा. मागून चालणाऱ्याचा आवाज कसला तो नव्हताच. ते हात घाई करत नव्हते. त्याचा तोल गेला की थांबत, सावरत, पुन्हा पुढे. कुणीतरी फार धीराने, फार वेळ असल्यासारखं, त्याला चालायला शिकवत होतं.

"वुर्या," मुर्सी मशीनच्या आवाजात कुजबुजली, "काय दिसतंय?"

वुर्यानीने नुसती तिच्या पोटरीवर थाप मारली. चालव.

ओरडले, आणि त्या हातांनी त्याला सोडलं, तर? एवढ्या उंचीवरून तो फरशीवर पडेल. हा एकच विचार तिच्या डोक्यात लख्ख होता, बाकी सगळं गढूळ. तिने श्वाससुद्धा मोजका घेतला.

तो टाकीपाशी पोचला. झाकण सरकलं. पाण्यावर त्याचा उजवा हात आला, आणि त्याच्या मनगटाखाली तो दुसरा हात होता, आधाराला. बोटं उघडली. शितं पडली, पाण्यात पांढरे लोट उतरले. त्या वेळी सुतार्मो अगदी काचेजवळ होता, वीतभर अंतरावर, आणि सरळ तिच्या दिशेने बघत होता. पण त्याला ती दिसत नव्हती. या पाण्यातून दिसणं शक्यच नव्हतं.

तेव्हा वुर्यानीला कळलं, पाणी का गढुळतं ते. काच स्वच्छ असती तर त्याला बायको समोर बसलेली दिसली असती. मग मागे कोण आहे, हे त्याने बघितलं असतं.

त्याच्या खांद्यावरून काहीतरी पुढे झुकू लागलं. मासे बघायला माणूस वाकतो तसं, काचेच्या दिशेने. वुर्यानीने मान खाली घातली. फरशीवर केळ्याच्या वडीचा एक चुरा पडला होता, तिने त्याच्यावर नजर रोवली आणि पाय घासण्याचा आवाज पलंगापर्यंत परत जाईतो ती उचलली नाही.

मग ती उठली आणि मुर्सीच्या हातावर हात ठेवला. मशीन थांबलं.

"नेऊ या ना त्याला?" मुर्सीने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही," वुर्यानी म्हणाली. "ते चालतायत, म्बाक."

६

त्यानंतर तिने पाण्याला हात लावला नाही. भात मात्र थोडा जास्त शिजवू लागली. जुमादी येऊन टाकीकडे बघत आणि कपाळाला हात लावत. "माझ्या पोरींना मारणार ही बाई!" असं म्हणून ते अर्धे मासे आपल्या हौदात घेऊन गेले. उरलेले त्या गढुळात मजेत होते, उलट जाडच झाले. मुर्सी दुपारी येईनाशी झाली. पण सकाळी येऊन दारातूनच विचारायची, "कसा आहे?" आणि वुर्यानी म्हणायची, "आहे."

दुपारी मशीनवर बसली की ते जे कोण होतं ते कधी थांबेल, मोबदला काय मागेल, की एके दिवशी त्याला चालवत चालवत दुसरीकडेच घेऊन जाईल, असे विचार शिवणीसोबत पुढे सरकत. आत खरखर ऐकू आली की ती जोराने पाय मारायची. चारला आत गेली की आधी तो पलंगावर आहे ना ते बघायची, आणि आहे असं दिसलं की दाराला टेकून थोडी उभी राहायची.

परिचारिकेने एकदा त्याचा पाय दाबला आणि चपापली. "बू, हा जोर लावतोय. तुम्ही करून घेता का व्यायाम?"

"होतो दुपारचा थोडा," वुर्यानी म्हणाली.

आणि मग एका सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा मागे खरखर आवाज झाला. वळून बघायचं नव्हतं, तरी वळली. दारात सुतार्मो उभा होता. चौकट डाव्या हाताने धरलेली, लुंगी घसरलेली, घामाने निथळत. त्याच्या मागे फक्त रिकामी खोली होती. तिने नीट पाहिलं, दोन्ही बाजूंना, काखांखालीसुद्धा. कुणी नव्हतं. तो आपल्याच पायांवर उभा होता.

"ब... बू," तो म्हणाला.

हातातला ओला झगा मातीत पडला आणि ती मुर्सीच्या नावाने अशी ओरडली की अख्खी गल्ली धावत आली.

त्या दुपारी भात तिवईवर जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या दिवशीही. पाणी आपोआप निवळू लागलं. आधी मासे दिसू लागले, मग पलंगाची कड, मग उशी. आठवडा संपायच्या आत काच अशी स्वच्छ झाली की जुमादींनी विचारलं कोणतं औषध घातलं. रेत्नो आली, बापाच्या गळ्यात पडून रडली, आणि जाताना टाकीसाठी नवा स्पंज ठेवून गेली. वुर्यानीला रात्री झोप लागू लागली. इतकी गाढ की सुतार्मो तिच्या घोरण्याची नक्कल करून मुर्सीला हसवू लागला.

तोंड वाकडं होतं, शब्द एकेक करून यायचे, पण यायचे. एका संध्याकाळी दोघं ओसरीवर कॉफी घेऊन बसली होती. तो पेला दोन्ही हातांनी धरून पीत होता.

"बू," तो म्हणाला, "सकाळी तू ओरडायचीस. पाय हलवा, कुशीवर व्हा, तोंड उघडा."

"ओरडणार नाही तर काय? ऐकत होता का?"

"पण दुपारी नाही ओरडलीस. एकदाही. उचलायचीस, चालवायचीस, माशांपाशी न्यायचीस. एक शब्द बोलायची नाहीस." तो थांबला, दम घेतला. "दुपारची तू मला जास्त आवडायचीस."

वुर्यानीच्या तोंडात कॉफीचा चोथा आला. तिने तो सावकाश गिळला. अंगणात संध्याकाळचं ऊन होतं आणि जुमादींच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"मीच की," ती म्हणाली. "कामात असायचे. बोलायला वेळ कुठे होता?"

"एकच राग यायचा मला." तो आठवून हसला, आता जवळजवळ पूर्ण तोंडाने. "तुझ्याकडे बघायला मान वळवली, की तू हनुवटी धरायचीस आणि तोंड पुढे करायचीस. दरवेळी. वळूच द्यायची नाहीस."

तिने त्याच्या हनुवटीकडे पाहिलं. पांढरे खुंट वाढले होते. तिने हात पुढे करून ती हनुवटी धरली, हलकेच, आणि त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं.

"पडला असतात ना," ती म्हणाली. "प्या आता. गार होतेय."